शेवटच्या माणसाचं पाणी

शर्यत जिंकणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. शिरूर-दौंड रस्त्यावर बरीच वर्षं मी लांब पल्ल्याच्या स्पर्धांचा वैद्यकीय बंदोबस्त सांभाळला, पण पहिला कोण आला हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळायचं. माझी जागा सगळ्यांत शेवटी. शेवटच्या स्पर्धकाच्या मागे एक जीप चालते. रस्त्यात जे गळतील त्यांना गोळा करत येते, म्हणून तिला आम्ही झाडूगाडी म्हणायचो. त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून मी तासन्‌तास एकाच माणसाच्या टाचा पाहिल्या आहेत. चेहरा खोटं बोलतो. 'बरं आहे ना?' असं विचारलं की माणूस हसून अंगठा दाखवतो. टाचा खोटं बोलत नाहीत. टाच उचलायची सोडून घासायला लागली, एक पाऊल दुसऱ्याच्या वाटेत यायला लागलं, की माझ्या तोंडाला कोरड पडायची.

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, घाबरणं. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक टाळ्या वाजवत असताना एका माणसाने घाबरायचं असतं. मी ते मन लावून केलं. माझ्या हातून जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असतं, तर कदाचित मी ते कधीच विसरून गेलो असतो. ते घाबरण्यानेच झालं.

मी मूळचा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला मेल नर्स. प्रथमोपचाराच्या खोलीत बसायचं, कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधायच्या, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण काढायचा, आणि सोमवारी सकाळी पोट धरून येणाऱ्याचं पोट खरंच दुखतंय का ते ओळखायचं. सगळे मला 'ब्रदर' म्हणत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तालुक्यातल्या एका क्रीडामंडळाने कारखान्यांच्या मदतीने शिरूर ते दौंड अशी पन्नासेक किलोमीटरची शर्यत सुरू केली. धावा नाहीतर चाला, दिवस मावळायच्या आत पोचलात की झालं. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "ब्रदर, मेडिकलचं तुम्ही बघा." बघा म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

लोकांना वाटतं, मेडिकल म्हणजे अँब्युलन्स. अँब्युलन्स ही शेवटची गोष्ट. आधी सावली लागते. शिरूरपासून न्हावऱ्याकडे निघालं की काही टप्पे असे आहेत, जिथे बाभळीशिवाय झाड नाही. तिथे मांडववाल्याकडून कापड बांधून घ्यायचं, खाटा मागवायच्या. बर्फाच्या लाद्या भुशात घालून आदल्या दिवशी आणून ठेवायच्या. गोणपाटं भिजवून ठेवायची, तापलेल्या माणसाला गुंडाळायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. त्या रस्त्यावर तेव्हा मोबाइल पोचला नव्हता. म्हणून कोणत्या गावात कोणत्या दुकानात फोन आहे, आणि दुकानदार रविवारी सासुरवाडीला तर जात नाही ना, हे विचारून ठेवायचं. दौंडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक. प्रवासी गाड्यांच्या वेळा मी पाठ केल्या होत्या. मालगाडीला वेळ नसते. ते फाटक मला आजही स्वप्नात बंदच दिसतं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एकदा एक गृहस्थ एकादशीचा उपास धरून शर्यतीत उतरले. तिसऱ्या टप्प्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाटेवर घेतलं आणि मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं, तर पेला हातात धरून विचारतात, "ब्रदर, हे उपासाला चालतं का हो?" मी म्हटलं, "साबुदाण्यापेक्षा बरं." तेवढ्यावर समाधान झालं त्यांचं. दुसरा एक पैलवान. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खाटेवर आडवा होईना. कारण विचारलं तर कानाशी तोंड आणून म्हणाला, "ब्रदर, माझ्या गावाची माणसं हुबी हायेत इथं. पाठ टेकली म्हंजी मी चीत. जलमभर चिडवतील." शेवटी त्याला लिंबाच्या झाडाला मिठी मारून उभा केला आणि दोघांनी मिळून त्याच्या पोटऱ्या रगडल्या. तो चीत न होता दौंडला पोचला.

हे आठवलं की अजून हसू येतं. पण भीतीही त्याच पहिल्या वर्षी शिकलो. आमच्याच कारखान्यातला एक तरुण ऑपरेटर उन्हात कोसळला. मी पोचलो तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम एक थेंब नाही. मला ओळखत होता, पण 'शिफ्ट सुटली का?' एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. गोणपाटं, बर्फ, जीप, दवाखाना. वाचला तो, वर्षाच्या आत लग्नाचे पेढे घेऊन आला. पण त्या कोरड्या कातडीचा स्पर्श माझ्या तळहातावरून जाईना.

पुढच्या शर्यतीआधी मी रस्त्यावरच्या प्रत्येक गावात गेलो. देवळातल्या स्पीकरवरून स्वतः बोललो. काय बोललो ते शब्द न शब्द आठवतं. "पळणाऱ्याला तहान लागायच्या आधी पाणी द्या. लाजून नको म्हणतात. नको म्हटलं तरी द्या."

हे मी कुणाला सांगत होतो याचा विचार केला नाही. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नावगाव. ज्यांना पाणी पाजायला कुणी सांगावं लागत नाही, त्यांना मी 'नको म्हटलं तरी द्या' असं सांगून आलो. गावांनी ते मनावर घेतलं. वरच्या गावाने दोन पिंपं ठेवली हे कळताच खालच्याने चार ठेवली. कुठे माठ, कुठे लिंबूसरबत, कुठे वाळ्याचं पाणी, आणि हलगी. एका सरपंचांनी मला अभिमानाने सांगितलं, "ब्रदर, आमच्या शिवेतनं एक बी गडी कोरडा जाणार न्हाई. शब्द हाय."

पुढे पळणारे तरुण मात्र थांबतात कुठे? त्यांनी दोन घोट तोंडात, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि निघाले. पिंपं भरलेलीच राहिली. आणि मग आला शेवटचा माणूस.

त्यांचं नाव इथे बिराजीमामा ठेवतो. पन्नाशी ओलांडलेले धनगर. वडिलांच्या वेळेपर्यंत मेंढरं घेऊन दर साल कोकणात उतरायचे. पुढे पाटाचं पाणी आलं, थोडी जमीन झाली, ऊस-कांदा आला आणि मेंढरं विकली. उंचीने लहान, अंगाने काटक, पायात वहाणा, उजव्या मनगटात चांदीचं कडं. सुरुवातीला तपासताना मी विचारलं होतं, "मामा, या वयात कशाला?"

"पुतणं चिडवत्यात. म्हंत्यात, जमीन आली आन् पाय गेलं तुमचं." मग जरा थांबून म्हणाले, "नंबर नगं मला. चालत पोचायचं हाय, बास."

ते धावले नाहीतच. मेंढरांमागे चालावं तसे एका लयीत चालत राहिले. त्यांच्या टाचा पाहणं हे सुख होतं. आमचे ड्रायव्हर रहीमभाई म्हणाले, "ब्रदर, आज तुम्ही डुलकी काढा. हा माणूस पंढरपूरपर्यंत जाईल." मला खरंच त्या दिवशी अर्ध्या रस्त्यापर्यंत भीती वाटली नाही.

गाव आलं की बायका पुढे येत. मामा ओंजळ धरत आणि त्या तांब्याने धार धरत. ओंजळीने पाणी पिण्याची एक रीत आहे. धार पाजणाऱ्याच्या हातात असते. पिणाऱ्याने मान हलवून 'पुरे' म्हणायचं आणि पाजणाऱ्याने ते ऐकलं न ऐकलंसं करून अजून एक धार सोडायची. त्यातच माया.

"बास माय," मामा म्हणत.

"आसं कसं मामा? शेवटलं तुमीच. आता ह्यो हंडा काय घरी न्यायचा व्हय? घ्या."

मामा घेत. वडीलधाऱ्या बाईच्या हातचं पाणी झिडकारणारा तो माणूस नव्हता. प्रत्येक गावात हेच. शेवटच्या माणसासाठी अख्ख्या गावाचा राखून ठेवलेला मान. आणि जीपमधून मीही ओरडत होतो, "प्या मामा, प्या! ऊन वाढतंय."

इनामगावच्या फाट्याच्या अलीकडे ते एका दगडावर बसले. मी उतरून गेलो. ते मनगट चोळत होते. "ब्रदर, हे कडं आज आवळतंय बगा." मी पाहिलं. कडं मांसात रुतलं होतं, बोटं केळ्यांसारखी झाली होती. मी म्हटलं, "हात खाली सोडून चालता ना मामा, उन्हाने होतं असं." आणि त्यांना मीठ-साखरेच्या पाण्याचा आणखी एक पेला दिला.

पुढे त्यांची टाच घासायला लागली. डोकं दुखतंय म्हणाले. मग रस्त्याकडेला वाकून उलटी केली. नुसतं पाणी, स्वच्छ पाणी. मला वाटलं, होतं नव्हतं ते पाणी अंगातून गेलं. त्या तापलेल्या तरुणाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. हात लावून पाहिला तर यांचं अंग गार होतं. गार होतं, तरीही मी थांबून विचार केला नाही. भीतीला एकच चेहरा पाठ असतो, तोच तिला सगळीकडे दिसतो. मामांना जीपमध्ये आडवं केलं, त्याच सुजलेल्या हातावर मोठ्या कष्टाने शीर शोधली आणि ग्लुकोजची बाटली चालू केली. आम्ही तिला सरसकट सलाईन म्हणायचो. ग्लुकोजची बाटली म्हणजे शेवटी पाणीच.

"रहीमभाई, दौंड. जोरात."

मामा मधेच उठून बसायला बघत. "मेंढरं मोजली का? पुढलं रान लोकाचं हाय, मेंढरं आवरा." मी म्हणत होतो, "मोजली मामा, सगळी हायेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी नव्हतो.

फाटक बंद होतं.

रहीमभाईंनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. फाटकवाला केबिनमधून बाहेर आला.

"अहो फाटकवाले, पेशंट आहे! उघडा!" रहीमभाई ओरडले.

"मालगाडी हाय, सिग्नल दिलाय. आता काय गाडी उचलून बाजूला ठिवू व्हय?" तो बिचारा खरंच हात जोडून उभा होता.

आणि तिथे मामांना झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, पाय जीपच्या पत्र्यावर आपटायला लागले. मी त्यांना कुशीवर धरून बसलो. डबे एकामागून एक जात होते, संपतच नव्हते. पत्र्यावर आपटणाऱ्या टाचांचा आवाज आणि रुळांचा आवाज एक झाला होता. सकाळपासून ज्या टाचा मी पाहत आलो होतो त्या. मी त्या वेळी एकच गोष्ट केली, जी मला सुचत होती. बाटलीची धार वाढवली.

भीमेचा पूल ओलांडून आम्ही एका खासगी दवाखान्यात शिरलो. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या ओळखीच्या, दर शर्यतीला खाटा राखून ठेवायच्या. त्यांनी मामांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, बोटांवर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"लघवी केव्हा झाली?"

"सकाळपासून नाही मॅडम."

"पाणी किती प्यायले?"

मी म्हटलं, "सगळ्या गावांनी दिलं."

त्यांनी हात वर करून बाटली बंद केली. मग म्हणाल्या, "ब्रदर, हा माणूस कोरडा नाही. पाण्याने भरलाय. रक्तातलं मीठ पातळ झालंय, मेंदूला सूज आली असणार. पाण्याचा थेंब देऊ नका आता." ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या आग्रहाने बाटल्यांवर बाटल्या लावलेल्या एका बाईंचं असं झालेलं त्यांनी शिकताना पाहिलं होतं, म्हणून त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्यांच्याजवळ होतं ते तीव्र मिठाचं औषध अगदी हळूहळू सुरू केलं आणि पुण्याला न्यायची तयारी केली. दरम्यान मामांचा उजवा हात काळानिळा पडायला लागला. कडं निघेना. कुणीतरी रेल्वे कॉलनीतून एका फिटरला करवतीचं पातं घेऊन बोलावून आणलं. तो फिटर कडं कापत असताना मामांचं मनगट मी धरलं होतं. पातं घसरू नये म्हणून घट्ट.

ते पुण्याला गेले तेव्हा शुद्धीवर नव्हते.

मी व्हरांड्यात बसून होतो. तेवढ्यात शेवटच्या गावाहून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून सात-आठ बायाबापड्या उतरल्या. त्यांतल्या एका म्हातारीला मी ओळखलं, सगळ्यांत जास्त धार तिनेच धरली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"लेकरा, आमच्या हिरीचं पाणी वंगाळ निगालं का रं? वरच्या गावची तसं म्हणाय लागलीत."

मी म्हटलं, "आजी, पाणी चांगलं होतं. जास्त झालं. मीच सांगितलं होतं द्या म्हणून. चूक माझी."

ती म्हणाली, "पान्यानं कुनी मरतंय व्हय? तू भला मानूस, म्हनून आंगावर घेतुयास." आणि पदराने डोळे पुसत बसली. माझ्याजवळ खरं होतं, पण ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. मामांच्या पुतण्यांनी फाटकवाल्याला शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट एकाने माझ्यासाठी चहा आणला.

मामा वाचले. आठवड्यानंतर बोलायला लागले, महिन्याने घरी आले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गावोगाव फिरलो. या वेळी सांगायला की पाणी आवरा. मागेल त्यालाच द्या, पेल्याने द्या, पुरे म्हटलं की थांबा. ज्या सरपंचांनी शब्द दिला होता ते खुर्चीतून उठले.

"ब्रदर, गेल्या साली तुमीच म्हणला, पाजा. आवंदा म्हणताय, पाजू नगा. आमच्या गावात यून पाणी दिऊ नगा म्हणताय? वैऱ्याला बी कुणी आसं सांगत न्हाई!" चावडीवरचं एक टवाळ पोरगं सरपंचांना म्हणालं, "आप्पा, ब्रदरचा पाय पडला की हिरी बी आटतील." सगळे हसले. मीही हसलो. तालुक्यात काही दिवस मी 'पाणी बंद करणारा माणूस' म्हणून ओळखला जात होतो.

त्याच वर्षापासून मी दोरा सुरू केला. शर्यतीआधी प्रत्येकाच्या मनगटाला एक साधा दोरा बांधायचा, खालून एक बोट सरकेल इतका सैल. प्रत्येक टप्प्यावर माझा माणूस त्या दोऱ्याखाली बोट घालून बघणार. आवळला असेल तर पाणी थांबवायचं, बाजूला बसवायचं, मला निरोप. मनगटाला दोरा बांधून घ्यायला आपल्याकडे कुणी 'का?' असं विचारत नाही. उलट काहींनी बांधताना डोळे मिटून नमस्कार केला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अहो, चालून चालून कुणाचेही हात थोडे सुजतात. हे काही शास्त्र नाही. वजन करा." मग काही टप्प्यांवर धान्याच्या दुकानातले वजनकाटे आणून ठेवले. निघताना होतं त्यापेक्षा वजन वाढलं असेल, तर पळून पळून माणूस जाड होत नाही, पाणी साठलंय. पण दोरा मी सोडला नाही. त्या निमित्ताने कुणीतरी हात हातात घेऊन बघत होतं.

आता भीती दुप्पट झाली. पाजा म्हणालो तेव्हा एकच भीती होती. आवरा म्हणालो तेव्हा प्रत्येक धडपडणाऱ्या माणसात मला दोघे दिसायला लागले, तो तापलेला तरुण आणि बिराजीमामा. यांतला हा कोण?

त्या वर्षी एका शाळामास्तरांचा दोरा आवळलेला निघाला. वजन वाढलेलं. डोकं दुखत होतं. मी त्यांना मांडवात बसवलं आणि पाणी बंद केलं. ते पाणी मागत होते. भोवती गाव जमलं. "मास्तर पाणी मागतुया आन् ह्यो बघत बसलाय. मानूस हाय का कोन?" एका बाईने तांब्या पुढे केला, मी आडवा हात घातला. तो तांब्या खाली पडला त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. जीप तयार ठेवली होती, फाटक उघडं आहे का ते बघायला मोटारसायकल पिटाळली होती. मी मास्तरांचं अंग दर दोन मिनिटांनी चाचपत होतो. गार आहे ना? गारच आहे ना? माझं चुकत असेल तर हा माणूस तहानेने माझ्यासमोर, गावासमोर जाणार होता.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "मला जरा जाऊन यायचंय." दोघांनी धरून त्यांना बाभळीआड नेलं. सगळं गाव बाभळीकडे बघत उभं होतं. मग बाभळीमागून एकाचा आवाज आला, "झाली! लई झाली!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगीवाल्याने हलगी वाजवली. मास्तर लाजून बाहेर यायला तयार होईनात. मी मांडवाच्या बांबूला धरून खाली बसलो. अंगात साठलेलं पाणी असं उतरायला लागलं की माणूस वाचतो. एवढं साधं होतं ते.

त्यानंतर कितीतरी शर्यती झाल्या. त्यांत एकही माणूस गेला नाही. लोक माझी स्तुती करतात, तेव्हा मी त्यांना दुरुस्त करत नाही. पण स्तुती ऐकताना मला उजवं मनगट आवळल्यासारखं वाटतं.

बिराजीमामांच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. रस्त्यावरून कितीदा गेलो, फाट्यावर गाडी कितीदा हळू केली. शेवटी एका दुपारी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, हसले, पण नाव आठवेना. त्यांच्या कारभारणीनेच सांगितलं, "आवो, ब्रदर न्हाई का." ती मला हळूच म्हणाली, "रानात जाया निगत्यात आन् मधीच हुबं ऱ्हात्यात. कुटं चाललुया तेच ध्येनात ऱ्हात न्हाई. मंग म्या जाऊन हात धरून आणते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. देवाने माणूस परत दिला, वर आणखी काय मागायचं, अशी ती बोलत होती.

मी सांगायला गेलो होतो. त्या दिवशी बाटली मी लावली, स्पीकरवर मी बोललो, फाटकावर धार मी वाढवली. सगळं घोकून गेलो होतो. आणि मी सांगितलंही. मामा शांतपणे ऐकत होते. मधे एकदा ते लांब रस्त्याकडे बघत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "दौंडला पोचलू हुतो का मी?"

चालत पोचायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "पोचला मामा."

"चालत?"

कारभारीण माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

मामा मग उठले. घरात गेले. मधेच उभे राहतील म्हणून ती बाई मागे जायला निघाली, पण ते उभे राहिले नाहीत. तांब्या घेऊन बाहेर आले, माझ्यासमोर वाकून उभे राहिले. कापलेलं कडं सोनाराकडून सांधून पुन्हा हातात घातलं होतं, सांधा स्पष्ट दिसत होता. हात इतका वाळला होता की तांब्या उचलताच ते कडं मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेलं.

"उनाचं आलाय ब्रदर. घ्या."

मला तहान नव्हती. मी ओंजळ धरली. मामांनी धार सोडली. थोडं प्यालो आणि मान हलवून म्हटलं, "बास मामा."

त्यांनी लगेच धार थांबवली.